साडेचार एकर, एक विहीर, दोन म्हशी: केळी लावू की सुरतला जाऊ?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यात साडेचार एकर वावर आहे. खालच्या अंगाला एक एकर भारी काळी, बाकी मध्यम. एक विहीर, तीन एचपीची मोटर, दोन म्हशी आणि त्यातली एक आटलेली. घरात आई-वडील, तुम्ही आणि वहिनी. सगळ्या वावरात कापूस, तो परवडत नाही, आणि कृषी केंद्राची उधारी दरवर्षी थोडी मागे राहतेच. चोपड्याकडचे पाहुणे म्हणतात केळी लावा, वडील म्हणतात तग धरा, आणि तुमच्या मनात सुरतला कामाला जाणं घोळतंय.

तुम्ही विचारलंय कोणतं पीक घेऊ. पण वाचल्यावर मला अडचण वेगळीच दिसते. तुमच्याकडे पैसा वर्षातून एकदाच येतो, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, आणि खर्च मात्र मेपासून ऑक्टोबरपर्यंत सुरू असतो. मधले सहा महिने दुकानदार तुम्हाला चालवतो आणि त्याची किंमत वसूल करतो. कापसाच्या जागी केळी लावली तरी पैसा एकदाच येणार, तोही अकरा-बारा महिन्यांनी. म्हणून मी पिकाआधी दोन गोष्टी पाहतो: मे महिन्यात विहीर रोज किती पाणी देते, आणि घरात कोणत्या महिन्यात पैसा नसतो. पुढचं बरंचसं या दोन आकड्यांवर अवलंबून आहे. तुमच्या विहिरीचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही, त्यामुळे मी एक गृहीत धरून हिशोब दाखवतो. तुम्ही तिथे तुमचा घाला.

विहीर मोजायची कशी

विहिरीत पाणी किती आहे हे महत्त्वाचं नाही, झरा किती आहे ते महत्त्वाचं. एप्रिल अखेर ते मेचा पहिला आठवडा, म्हणजे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, हे काम करा. सुती दोरीला दगड बांधा आणि दर फुटावर गाठ मारा. संध्याकाळी मोटर चालवून पाणी फुटबॉलच्या, म्हणजे मोटरच्या पाइपाच्या तळाशी असलेल्या व्हॉल्व्हच्या, थोडं वर येईपर्यंत उपसा, मोटर बंद करा आणि दोरी सोडून पातळी लिहा. बारा तासांनी पुन्हा मोजा. किती फूट चढलं तो तुमचा आकडा. असं सलग तीन दिवस करा, कारण पहिल्या दिवशी आजूबाजूच्या भेगांत साचलेलं पाणी येतं आणि आकडा फुगतो. शेजारच्या विहिरीची मोटर त्या वेळी चालू होती की बंद, तेही लिहून ठेवा. एकाच झऱ्यावर दोन विहिरी असतील तर फरक तिथेच दिसतो.

आता फुटाचे लिटर करायचे. गोल विहिरीचा व्यास फुटात घ्या, त्याला त्याच आकड्याने गुणा आणि आलेल्या उत्तराला २२ ने गुणा. एक फूट पाण्यात तेवढे लिटर. वीस फुटी विहीर असेल तर २० × २० × २२, म्हणजे ८,८०० लिटर. समजा बारा तासांत एक फूट चढलं, तर दिवसाला दोन फूट, म्हणजे १७,६०० लिटर धरा. प्रत्यक्षात थोडं कमीच मिळेल, कारण पाणी वर येत जातं तसा झरा मंदावतो.

केळी सहा बाय पाच फुटांवर लावली तर एकरी १,४५० च्या आसपास झाडं बसतात. आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४३-४४ वर आणि वारा गरम असताना, निसवणीच्या (घड बाहेर पडण्याच्या) आसपासच्या झाडाला ठिबकनेही रोज वीस ते पंचवीस लिटर लागतात. म्हणजे एकराला २९ ते ३६ हजार लिटर, रोज, एकही दिवस न चुकता. तुमच्या १७,६०० लिटरमधून म्हशींच्या दहा गुंठे हिरव्या घासाला सहा हजार जातील (ते का, पुढे येतं). उरलेल्यात पाचशे झाडं कशीबशी निभावतील, एकरभर नाही. आणि ट्रान्सफॉर्मर जळून चार-पाच दिवस गेले तर घड पोसतच नाहीत. त्या घडाला व्यापारी हात लावत नाही.

पाहुण्यांचं म्हणणं त्यांच्या जागी खोटं नाही. चोपडा-यावल-रावेर पट्टा तापी आणि सातपुड्याच्या मध्ये आहे. तिथे गाळाची खोल जमीन, केळीची मजूर टोळी, गाडी आणि व्यापारी सगळं दाराशी आहे. पारोळ्यात तुम्ही एकटे एक एकर लावलीत तर कापणीला गाडी यायला नखरे करेल, आणि नवतीची (नव्या लागवडीची) तुमची पहिली कापणी भाव पडलेला असताना आली तर थांबायला जागा नाही. शिवाय मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला येणारं वादळ उभी बाग आडवी करतं. तामसवाडीच्या बोरी धरणाचं आवर्तन तुमच्या वावरापर्यंत येत असेल तर हिशोब थोडा बदलतो, पण कालव्याचं पाणी पंधरा-वीस दिवसांनी येतं आणि केळीला रोज लागतं. साठवायला शेततळं नसेल तर त्या आवर्तनाच्या भरवशावर केळी धरू नका. माझं मत सरळ आहे: वीस फुटी विहिरीत रोजची, म्हणजे चोवीस तासांची, चढ चार फुटांच्या खाली असेल तर केळीचा विषय या वर्षी बंद.

उधारी खरं किती खाते

कृषी केंद्राच्या वहीचा एक हिशोब करून पाहा. समजा रोखीने ३० हजारांची खतं-औषधं आहेत आणि वहीवर तीच ३४ हजारांना लिहिली जातात. जूनला घेतलं, नोव्हेंबर-डिसेंबरला फेडलं, म्हणजे सहा महिन्यांना ४ हजार. वर्षाला हे सव्वीस-सत्तावीस टक्के पडतं. विकास सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर राज्याच्या व्याज सवलतीमुळे ३ लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. जुनं थकलं असेल तर आधी ते नियमित करण्याच्या मागे लागा, पिकाचा विचार नंतर.

उधारीचा दुसरा तोटा वहीत दिसत नाही. ज्याचे पैसे बाकी असतात तो सांगेल ते औषध फवारलं जातं, आणि बऱ्याचदा कापूसही त्याच्याच ओळखीच्या व्यापाऱ्याला, भाव पडलेल्या आठवड्यात, जातो. म्हणून माझ्या यादीत पहिलं काम हे की जूनच्या बियाण्या-खताचे पैसे मे महिन्यात रोख हातात असले पाहिजेत. बाकी पिकांची वाटणी त्या दृष्टीने केली आहे.

साडेचार एकरांची वाटणी

दोन एकर कापूस. एक एकर मूग, त्यावर हरभरा. खालच्या भारी एकरात उडीद, त्यावर दादर (रब्बी ज्वारी). उरलेल्या वीस गुंठ्यांत दहा गुंठे नेपिअर घास आणि दहा गुंठे भरताची वांगी. पुढच्या वर्षी कापूस आणि मुगाची जागा बदलायची.

कापूस पूर्ण सोडा असं मी म्हणत नाही. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल होता. हमीभावाला बांधलेली खरेदी ज्या पिकाला प्रत्यक्षात होते अशी पिकं आपल्याकडे थोडीच. पण साडेचार एकर कापूस म्हणजे निंदणी आणि वेचणी दोन्ही मजुरांवर. दोन एकर घरच्या चार माणसांना झेपतो, वेचणीच्या ऐन गर्दीत पाच-सहा बायका लावल्या की झालं.

बिघडतं कुठे ते सांगतो. पहिली चूक मे महिन्यातली लागवड. विहिरीला पाणी आहे म्हणून आखाजीनंतर लगेच सरकी टोबली जाते. त्या कपाशीला पाते (कळ्या) आणि फुलं लवकर लागतात, आणि जमिनीतल्या कोषांतून निघणाऱ्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगांना ती आयती मिळतात. तिथे वाढलेली पिढी ऑगस्ट-सप्टेंबरात सगळ्या शिवाराच्या बोंडांवर उतरते. १ जूनच्या आधी बियाणं जमिनीत जाऊ देऊ नका. ठिबक असेल तर जूनचा दुसरा आठवडा चांगला. १५०-१६० दिवसांत येणारं वाण घ्या. चार बाय दीड फुटावर एकरी ७,२६० झाडं बसतात, त्याला ४७५ ग्रॅमची दोन पाकिटं पुरतात.

खतात एकरी ५०:२५:२५ किलो नत्र, स्फुरद, पालाश असं प्रमाण धरा. सोप्या भाषेत दोन गोण्या १०:२६:२६ आणि दोन गोण्या युरिया. युरिया एकदम नाही, तीन हप्त्यांत, आणि पासष्ट-सत्तर दिवसांनंतर बंद. पाऊस पडला की शेजारी युरिया फेकतो म्हणून आपणही फेकायचा, यातून कपाशी हिरवीगार दिसते, मावा-तुडतुडे वाढतात आणि मग फवारणीचा खर्च सुरू होतो.

फवारणी तारखेवर नको, मोजणीवर करा. पंचेचाळीस दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे (पतंगांना गंधाने ओढून पकडणारे) लावा, आतली गोळी तीन-चार आठवड्यांनी बदला. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा वावरातून आडवं-तिडवं फिरून तोडलेल्या वीस हिरव्या बोंडांत दोनमध्ये अळी निघाली, तर फवारायची वेळ आली. बोंड बाहेरून चांगलं दिसतं, फोडूनच पाहावं लागतं. फुलं उमलायच्या आधीच गुलाबाच्या कळीसारखी चिकटून राहिलेली दिसली तर ती डोमकळी. तोडून आतल्या अळीसकट नष्ट करा, बांधावर टाकू नका. दुकानदाराने दिलेली तीन औषधांची भेळ एका पंपात घालू नका. त्यात बऱ्याचदा सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं, आणि ते लवकर वापरलं की पांढरी माशी उसळते.

फरदड हा सगळ्यात नडणारा मोह आहे. डिसेंबरनंतर पाणी दिलं की आणखी थोडी बोंडं लागतात, फुकटचा कापूस वाटतो. पण शेवटच्या वेचणीत एका बाईला दिवसभरात थोडाच कापूस मिळतो, म्हणून ती किलोमागे जास्त मागते. निघतो तो कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, त्याला भाव कमी, आणि अळी पुढच्या हंगामापर्यंत आपल्याच वावरात पोसली जाते. डिसेंबर अखेर पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) उपटा. विळ्याने कापू नका, बुडखा पुन्हा फुटतो.

विकताना दव उडाल्यावर वेचलेला पहिला-दुसरा वेचा वेगळा ठेवा, सुती गाठोड्यात, प्लास्टिकच्या गोणीत नाही. गोणीचे तंतू कापसात मिसळले की प्रत उतरते. सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं भारतीय कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, ८ ते १२ पर्यंत कपात, १२ च्या वर घेतच नाही. भरून न्यायच्या आधी दोन दिवस ऊन दाखवलं तर एवढंच काम भावात फरक पाडतं. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून स्वतःच्या पिकाची नोंद, वेळेवर केलेली नसेल तर हमीभावाच्या दारात सातबारा घेऊन उभं राहूनही उपयोग होत नाही. ती नोंद तलाठ्याच्या नाही, तुमच्या हातात आहे.

मूग आणि उडीद दोन्ही साठ-सत्तर दिवसांचे. दोन्ही एकच का नाही? कारण हे पोळ्याच्या आसपास पिकतात आणि नेमका तेव्हा पाऊस लागतो. मुगाच्या शेंगा आधी वाळतात, त्या दोन तोडण्यांत काढता येतात. उडीद आठवडा-दहा दिवसांनी एकदम कापायचा. दोन्हींची घाई एकाच दिवशी आली आणि मजूर मिळाला नाही तर शेंगेतच कोंब फुटतात. बियाणं एकरी सहा ते आठ किलो, पेरणी जून अखेर, १५ जुलैनंतर नाही. यातून सप्टेंबरात पहिला पैसा येतो, आणि तो कापसाच्या शेवटच्या फवारणीला आणि वेचणीला उपयोगी पडतो.

मुगावर हरभरा ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरा. विजयसारख्या वाणाचं एकरी २५ ते ३० किलो बियाणं, किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळलेलं, नाहीतर मर रोग हमखास. पाणी दोनच: तीस-पस्तीस दिवसांनी फांद्या फुटताना आणि साठ-पासष्ट दिवसांनी घाटे भरताना. काळ्या जमिनीत विहीर भरलेली दिसते म्हणून तिसरं-चौथं पाणी दिलं की पीक उभळतं, पाला वाढतो, घाटे कमी लागतात. घाटेअळीसाठी फुलोऱ्यात ५ टक्के निंबोळी अर्क आणि पक्ष्यांना बसायला एकरी पंधरा-वीस काठ्या.

इथे उन्हाळ्याची भरपाई दडलेली आहे. सगळा हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये विकू नका. जळगावात डाळ मिलं भरपूर, गिऱ्हाईक कधीही मिळतं. निम्मा विकून घर चालवा, निम्मा कडक वाळवून ठेवा, नाहीतर भुंगेरा लागतो. ज्या बाजार समितीत शेतमाल तारण योजना चालते तिथे मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल सहा टक्क्यांनी मिळते, ती दुकानाच्या वहीपेक्षा कितीतरी स्वस्त. हा निम्मा हरभरा म्हणजे जूनचं खत-बियाणं.

दादरीला पाणी लागत नाही, ओलावा धरणारी भारी जमीन लागते, म्हणून ती खालच्याच एकरात. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत एकरी चार किलो. घरच्या भाकरीचं धान्य सुटतं, आणि कडबा कोरडवाहूतही दीड-दोन टन मिळतो.

वांग्याबद्दल थोडक्यात. ऑगस्टमध्ये तीन बाय तीनवर लावली तर दहा गुंठ्यांत बाराशे रोपं. तोडे नोव्हेंबरपासून, म्हणजे नेमके भरीत-पार्ट्यांच्या दिवसांत. आठवड्यातून एकदा फिरून सुकलेले शेंडे खुडून पुरले तर पोखरणाऱ्या अळीचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. धुळ्याचा बाजार तुम्हाला जवळ आहे, आठवड्याला दोन वेळा रोख मिळतं. भाव पडला की वांगी कोणी विचारत नाही, म्हणून दहाच गुंठे.

म्हशी

आटलेली म्हैस गाभण आहे का, हे पशुवैद्यकाकडून तपासून घेतलंय का? पत्रात ते नाही, आणि म्हशीच्या हिशोबात तेच सगळ्यात महत्त्वाचं. रिकामी म्हैस रोज तेवढंच खाते. म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका असतो, ती ओरडत नाही. पहाटे आणि रात्री बसलेली असताना पाहा, काचेसारखा सोट (चिकट स्राव) दिसतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा (रेतन करून घ्या), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन-अडीच महिन्यांनी गाभण तपासणी. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा अंगावर पाणी आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण, एवढ्याने बऱ्याच म्हशी वेळेवर माजावर येतात. मिश्रण महाग वाटतं, पण रिकाम्या तीन महिन्यांचा चारा त्यापेक्षा महाग पडतो.

खुराकाचं गणित असं: अंग राखायला एक ते दीड किलो, आणि वर प्रत्येक दोन लिटर दुधामागे एक किलो. नुसती सरकीची ढेप नको, निम्मं मक्याचा भरडा आणि चुनी घाला. हिरवा चारा पंधरा-वीस किलो, कोरडा पाच-सहा. दोघींना वर्षाला कोरडा चारा चार टन लागतो. दादरीचा कडबा निम्मा भागवेल, बाकी हरभऱ्याचं कुटार आणि मूग-उडदाचं भूस. कडबा कुट्टी करूनच घाला, अख्ख्या पेंढीत खालचा बुडखा उरतो आणि बराच चारा पायाखाली जातो. दहा गुंठे नेपिअर नीट पाणी-शेण मिळालं तर रोज तीस-चाळीस किलो देतो. पहिली कापणी दोन महिन्यांनी, मग दर पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी. उन्हाळ्यात त्यालाच ते रोजचे सहा हजार लिटर.

जमलं तर दोघींची विण्याची वेळ पाच-सहा महिन्यांच्या अंतराने बसवा. एप्रिल-मेमध्ये निदान एक दुभती असली की किराणा उधार राहत नाही. दोघींच्या शेणाचं वर्षाला पाच-सहा टन कुजलेलं खत होतं, ते एका वेळी एकाच एकराला द्या, सगळ्या वावरात शिंपडू नका.

सुरत

यावर दुसऱ्याने निर्णय देऊ नये, पण हिशोब देता येतो. एका वहीत तुमचा, वहिनींचा आणि आई-वडिलांचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, गावातल्या दराने लिहा, वेचणी, निंदणी, धारा काढणं सगळं. ते धरून वर्षाअखेर काही उरत असेल तर शेती तुम्हाला पगार देतेय. उरत नसेल पण घरचा रोज सुटत असेल तर ती अजून चालवण्यासारखी आहे. घरचाच रोज सुटत नसेल तर एकाने बाहेर कमावणं यात कमीपणा नाही, तेच पैसे दुकानदाराच्या वहीऐवजी लागतात. पूर्ण जाण्याआधी फेब्रुवारी ते मे एवढंच जाऊन पाहा. तेव्हा वावरात हरभरा-दादर काढणं आणि घासाला पाणी देणं सोडून जड काम नसतं, आणि काढणी उक्ती (ठरावीक रकमेत ठेक्याने) देता येते. मात्र वडिलांना रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला विहिरीवर जावं लागणार असेल, तर आधी ऑटो-स्टार्टर बसवा किंवा दिवसा चालणाऱ्या सौर पंपासाठी अर्ज करा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटाला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के हिस्सा भरावा लागतो, आणि अडीच ते पाच एकरांपर्यंत पाच एचपीचा पंप मिळतो. म्हैस फेब्रुवारी-मार्चमध्ये विणार असेल तर त्या वर्षी जाणं पुढे ढकला.